मातीचे थकीत देणे

गेल्या सत्रात पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागणी आणि किंमत हा विषय चालला असताना एका विद्यार्थ्याने वहीतून घडी घातलेले एक जाहिरातपत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागेवर उभ्या राहावयाच्या इमारतींचे ते पत्रक होते. "सर, शेजारच्या इमारतींपेक्षा येथील दर बराच कमी आहे. रस्ता तोच, स्टेशनही तेवढेच लांब. मग हे स्वस्त का?" असा त्याचा प्रश्न होता. वडील एका कचेरीत कारकून. जन्माची शिल्लक घालून घर घ्यावयाचे त्यांच्या मनात होते. मी त्याला एवढेच सांगितले, "वडिलांना म्हणावे, इमारतीचा नकाशा पाहण्यापूर्वी त्या जागेवर पूर्वी काय तयार होत असे, ते विचारा." त्यांनी विचारले. विक्री कार्यालयात कोणालाही उत्तर देता आले नाही.

प्रश्न एका कुटुंबाचा वाटला तरी तो तेवढ्यापुरता नाही. प्रस्तुत लेखक विचुंबे येथे राहतो. आमच्या उत्तरेस तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे आणि दक्षिणेस रसायनी व पाताळगंगेचा पट्टा. मध्ये एके काळी भातखाचरे होती. आता इमारती आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीचा भाव वाढला की जुने, थकलेले कारखाने चालविण्यापेक्षा त्यांची जागा विकणे अधिक किफायतशीर ठरते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. म्हणून येत्या दहा-वीस वर्षांत या परिसरातील कित्येक औद्योगिक भूखंडांवर घरे, कचेऱ्या, गोदामे आणि शाळाही उभ्या राहतील, हे उघड आहे. त्या कशावर उभ्या राहतील, याचा विचार आजच व्हावयास हवा.

किमतीत न उतरणारा खर्च

पडीक औद्योगिक जमीन पुन्हा वापरात आणण्यास विरोध करण्याचे कारण नाही. किंबहुना शहराच्या पोटात ओसाड पडलेली जमीन सोडून शेती आणि टेकड्या खात सुटणे हा शहाणपणा नव्हे. तक्रार आहे ती हिशेबाच्या पद्धतीबद्दल. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते की, उत्पादकाचा खाजगी खर्च आणि समाजाला सोसावा लागणारा खर्च यांत तफावत पडली, की बाजारातील किंमत खोटी ठरते. रसायनांचा कारखाना अनेक वर्षे आपला गाळ आवारात पुरतो, सांडपाणी जमिनीत मुरू देतो, तेव्हा तो एक प्रकारचे कर्जच काढीत असतो. धनको असते माती आणि विहिरीचे पाणी. मात्र हे कर्ज कारखान्याच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही.

दुसरी अडचण माहितीची. जमिनीखाली काय आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये असे दाखविले की, अशा बाजारात खराब माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. मोटार बिघडली तर मालक ती महिन्याभरात ओळखतो. माती बिघडलेली असेल तर ती बोअरवेलच्या पाण्यातून आणि पोरांच्या अंगावरच्या विकारांतून वीस वर्षांनी कळते आणि तोवर विक्रेत्या कंपनीची पाटीसुद्धा जागेवर उरलेली नसते.

एका डॉलरची शाळा

अमेरिकेतील नायगारा फॉल्स या गावची हकीगत शिक्षकांनी तरी अवश्य लक्षात ठेवावी. तेथील हुकर नावाच्या रसायन कंपनीने १९४२ पासून सुमारे दहा वर्षे एका अर्धवट खणलेल्या कालव्यात वीस हजार टनांहून अधिक विषारी अवशेष पुरले आणि १९५३ मध्ये ती जागा तेथील शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात रासायनिक अवशेषांचा उल्लेख होता आणि पुढील परिणामांची जबाबदारी आपली नाही, असे कलमही होते. मंडळाने ते वाचून सही केली, शाळा बांधली आणि भोवती घरे उठली. १९७८ मध्ये तळघरांतून रसायने पाझरू लागल्याचा बोभाटा होऊन शाळा बंद करावी लागली आणि शेकडो कुटुंबे हलवावी लागली. या लव्ह कॅनॉल प्रकरणातूनच १९८० चा सुपरफंड कायदा जन्मास आला. एका डॉलरच्या व्यवहाराची खरी किंमत त्या देशाने पुढे कोट्यवधी डॉलरांत मोजली.

हे परदेशातले, असे म्हणून सुटका नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी या गावी काही कारखान्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड हे रंगउद्योगातील रसायन तयार केले. उत्पादन थोड्याच काळापुरते चालले. त्यातून निघालेल्या गाळाने मात्र मैलोगणती विहिरींचे पाणी नासले. प्रदूषकाने भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच प्रकरणात ठामपणे मांडले. तरीही २०११ मध्ये त्याच न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रकमेच्या वसुलीसाठी चक्रवाढ व्याजासह पुन्हा आदेश द्यावा लागला. उत्पादन महिन्यांचे, खटला दशकांचा! भोपाळच्या बंद कारखान्याच्या आवारात पडून राहिलेले सुमारे ३३७ टन विषारी अवशेष तेथून हलविण्यास दुर्घटनेनंतर चाळीस वर्षे लागली. पिथमपूर येथे ते २०२५ मध्ये जाळण्यात आले. मातीत जे मुरले, त्याचा निकाल इतक्या सहज लागत नाही.

रसायनीचा धडा

आता आमच्या दाराशी येऊ. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा रसायनीचा कारखाना हा एके काळी या भागाचा अभिमान होता. नायट्रोबेंझिन, ॲनिलीन यांसारखी मूलभूत रसायने येथे तयार होत. परदेशी स्पर्धेपुढे तो तोट्यात गेला, कामगारांचे पगार थकले आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील तोट्यातील सर्व विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८ कोटी ८० लाख रुपयांना देण्याचे ठरले. म्हणजे एकरी सुमारे १ कोटी ४० लाख. अग्निबाणांसाठी लागणारे रसायन तयार होणारा एक विभाग तेवढा सुमारे वीस एकर जमिनीसह अंतराळ संशोधन संस्थेकडे 'जसा आहे, जेथे आहे' या तत्त्वावर सोपविण्याचे ठरले.

कामगारांची आणि इतरांची देणी भागविण्यासाठी जमीन विकावी लागली, याबद्दल कोणाची तक्रार असू नये. जमीन एका सार्वजनिक कंपनीकडून दुसऱ्या सार्वजनिक कंपनीकडे गेली, हेही चांगलेच झाले. प्रश्न तत्त्वाचा आहे. 'जसे आहे, जेथे आहे' हे शब्द यंत्राच्या लिलावात शोभतात. मातीच्या बाबतीत त्यांचा अर्थ 'पुढचे तुमचे तुम्ही पाहा' असा होतो. अशा प्रत्येक विक्रीच्या हिशेबात कामगारांची देणी आणि बँकांची देणी यांच्या शेजारी 'मातीचे देणे' या नावाचे तिसरे खाते असावयास हवे. खाजगी कंपन्यांच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचे आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार एकदा योजना मंजूर झाली, की तिच्यात समाविष्ट नसलेली जुनी देणी संपुष्टात येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. नव्या मालकाला कोऱ्या पाटीने सुरुवात करता यावी, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु धनकोंच्या सभेत बँक बसते, पुरवठादार बसतो. माती काही अर्ज घेऊन येत नाही.

नियम आले, पुढे काय?

या बाबतीत केंद्र सरकारने अगदी हातावर हात ठेवले आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी झाले. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहामाहीस द्यावयाची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरावीक मुदतीत तपासणी करावयाची आणि जो जबाबदार ठरेल त्याच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. जबाबदार व्यक्ती सापडली नाही, तर भार सरकारी तिजोरीवर येतो. मात्र तपासणीला जशी मुदत आहे, तशी प्रत्यक्ष सफाई पूर्ण करण्याला नाही. ही उणीव लहान नव्हे. शिवाय संशय घेण्याचे काम जिल्हा कचेरीकडे सोपविले असले, तरी संशय येण्यास माहिती लागते. ती त्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांकडे, गावच्या शेतकऱ्यांकडे आणि खाडीतल्या कोळ्यांकडे आहे. गाळ कोठे पुरला, कोणत्या विहिरीचे पाणी कधी बदलले, हे त्यांना विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

परवडणार नाही, हा आक्षेप

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. सफाईचा खर्च लादला तर प्रकल्प परवडणार नाहीत, जमिनी ओसाड राहतील, कामगारांची देणी अडकतील आणि घरांची टंचाई वाढेल, असे म्हणतात. ओसाड ठेवणे हा उपाय नव्हे, हे मान्यच आहे. कोकणच्या पावसात ओसाड जमिनीतील विषही वाहत राहते. रसायनीचे पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला मिळते, तळोज्याचे कासाडी नदीतून पनवेलच्या खाडीला. तथापि, प्रत्येक तुकडा बागेच्या मातीइतका शुद्ध करावा, असे कोणीही म्हणत नाही. जेथे गोदाम किंवा वाहनतळ व्हावयाचे आहे तेथे एक कसोटी, जेथे मुले खेळणार आहेत तेथे दुसरी.

जर्मनीच्या रूर खोऱ्यात ड्युइसबर्ग येथील पोलादाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तेथील अत्यंत दूषित माती जुन्या कोठारांत बंदिस्त करण्यात आली, उरलेल्या भागात झाडी वाढू दिली गेली आणि भट्ट्या तशाच ठेवून तेथे सार्वजनिक उद्यान झाले. इकडे मुंबईत धारावीला लागून मिठी नदीच्या काठी असलेल्या कचराभूमीवर सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आपल्याला हे जमत नाही असे नाही. जेथे जमीन विकण्याची घाई नव्हती, तेथे ते जमले.

लाभ कोणाचा?

खर्चाइतकाच लाभाचाही विचार करावयास हवा. गिरणगावाचा अनुभव ताजा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारणपणे एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश घरबांधणीसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये दुरुस्ती होऊन ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. परिणाम लालबाग-परळला जाऊन कोणीही पाहावा. वस्तीचा कायापालट झाला, पण ज्यांची ती वस्ती होती ते कल्याण-विरारकडे गेले.

आमच्याकडे याहून मोठी विसंगती आहे. नैना क्षेत्रातील नगररचना योजनांत शेतकऱ्याला मूळ जमिनीच्या सुमारे चाळीस टक्के विकसित भूखंड परत मिळतो. उरलेली जमीन रस्ते, मैदाने व इतर सार्वजनिक कामांसाठी जाते. शेतकऱ्यांचा याला विरोध आहे आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. विचारावयाचे आहे ते एवढेच की, ज्याने पिढ्यान्‌पिढ्या मातीत केवळ भात पेरला त्याने साठ टक्के द्यावे आणि ज्याने रसायने ओतली त्याने वाढलेला भाव पुरता खिशात घालावा, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

उपाय अवघड नाहीत. औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. म्हणजे जमिनीचा धनी शासनच आहे. हस्तांतरणाची किंवा वापर बदलण्याची परवानगी मागितली जाईल त्याच वेळी माती आणि भूजल यांची तटस्थ तपासणी सक्तीची करावी. अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या फलकावर लागावा आणि घराच्या करारनाम्याला जोडला जावा. विक्रीच्या रकमेतून सफाईचा खर्च आधी एका वेगळ्या खात्यात ठेवावा. आणि शासनाच्या परवानगीने वाढलेल्या भावाचा ठरावीक हिस्सा त्याच परिसरातील पाणी, शाळा, मैदान आणि कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवावा. यासाठी नवे शोध लागत नाहीत. सही करण्यापूर्वी कागद मागण्याची सवय लागते.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी अद्याप घर घेतलेले नाही. ते अजून त्या एका कागदाची वाट पाहत आहेत. तो त्यांना मागावा लागू नये, घराच्या किल्ल्यांआधी तो त्यांच्या हाती पडावा, एवढी व्यवस्था शासनाने केली तरी पुष्कळ झाले. एरवी ज्या वस्तीला आपण नवजीवन देऊ म्हणतो, तिच्या पायाखाली दुसऱ्याचे कर्ज पुरलेले राहील आणि त्याचे हप्ते आमच्या मुलांना फेडावे लागतील.