पास विकणे सोपे, पासवाला टिकवणे अवघड

व्यापाराच्या पानावर खेळाचा विषय कसा काय, असे काही वाचकांना वाटेल. पण हा विषय खेळाचा कमी आणि गिऱ्हाइकाचा जास्त आहे. शिवाय ज्या खेळाबद्दल आम्ही लिहीत आहोत तो वाढला कापडाच्याच गावांत. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर ही नावे कापड व्यापाऱ्याला नवी नाहीत. मँचेस्टरच्या आसपास सुती कापड, ब्रॅडफर्ड-हडर्सफील्डकडे लोकरीचे कापड आणि बॅटली-ड्यूजबरीत जुन्या चिंध्या पिंजून त्यातून पुन्हा सूत काढण्याचा धंदा, असा हा सगळा मुलूख. गिरण्या बंद पडल्या, पण गावागावात एक गोष्ट उरली. ती म्हणजे रग्बी लीग.

या खेळाचा जन्मच मजुरीच्या प्रश्नातून झाला. लांबट चेंडू हातात घेऊन खेळायची रग्बी आधीपासून होती. पण गिरणी आणि खाणीतला कामगार शनिवारी खेळायला गेला की त्याचा खाडा पडे. उत्तरेच्या क्लबांचे म्हणणे होते की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. संघटनेतील बड्या मंडळींनी ते मानले नाही. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंग भरपाई ठरली. पुढे १९०६ मध्ये संघातले खेळाडू पंधरावरून तेरा केले आणि खेळ कायमचा वेगळा झाला. म्हणजे हा खेळ राजवाड्यातला नव्हे, हजेरीपटावरच्या माणसाचा आहे.

आज या क्लबांपुढे रोजचा प्रश्न एकच आहे. मैदानावर येणारा माणूस बांधून कसा ठेवायचा?

पास म्हणजे बयाणा

तिथे ‘सीझन तिकीट’ नावाचा प्रकार आहे. आपल्या लोकल गाडीच्या पाससारखाच. एकदा पैसे भरा आणि वर्षभर घरच्या मैदानावरचे सगळे सामने पाहा. फेब्रुवारीत सामने सुरू होतात, पण पासची विक्री त्याआधीच्या हिवाळ्यात होते. त्या दिवसांत दारावर एक पैसा येत नाही आणि खेळाडूंचे पगार मात्र चालूच असतात. म्हणून हा पैसा क्लबाला प्राणवायूसारखा वाटतो.

इथेच पहिली चूक होते. क्लबवाले या पैशाला विक्री समजतात. आमच्या मते ती विक्री नाही, तो बयाणा आहे. माल अजून दाखवलेला नाही, संघ कसा खेळणार ठाऊक नाही, आणि माणूस वर्षभराचे पैसे टेबलावर ठेवून जातो. हा भरवशाचा सौदा झाला. भरवशाने दिलेला पैसा म्हणजे अमानत, आणि अमानतीचे नियम विक्रीपेक्षा कडक असतात.

आम्हाला याचा कडू अनुभव आहे. एका ठोक व्यापाऱ्याकडे आम्ही ईदच्या मालासाठी चार महिने आधी रक्कम भरली. सीझन आला तेव्हा चांगली थाने रोख घेऊन आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला गेली आणि आमच्या वाट्याला उरलेले रंग आले. वर त्याला आमच्याहून भावही कमी लावला होता. रक्कम बुडाली नाही, पण मन उठले. पुढच्या वर्षी आम्ही त्या पेढीची पायरी चढलो नाही. भांडलोही नाही. जुने गिऱ्हाईक बहुधा भांडत नाही, ते फक्त येणे बंद करते.

माणूस आणायचा कसा?

आणण्याचे काम तुलनेने सोपे आहे आणि ते करून दाखवणारे क्लब आहेत. १९९६ मध्ये सुपर लीग सुरू झाली आणि हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात आला. त्या वेळी ब्रॅडफर्ड नॉर्दर्न या जुन्या क्लबाने ‘ब्रॅडफर्ड बुल्स’ असे नाव घेतले. पीटर डीकिन यांच्यासारख्या माणसांनी ठरवले की गिऱ्हाइकाची वाट पाहायची नाही, त्याच्या दारात जायचे. खेळाडू शाळाशाळांतून फिरले. सामन्याच्या दिवशी मैदानावर कुटुंबासाठी करमणूक ठेवली. मूल हट्ट धरते, मग आई-बाप येतात. थोड्याच वर्षांत प्रेक्षकांची सरासरी दहा हजारांच्या वर गेली. १९९७, २००१, २००३ आणि २००५ या वर्षी क्लब विजेता ठरला.

ली हे लँकेशायरमधले छोटे गाव. तिथल्या क्लबाने २०२२ च्या अखेरीस ‘लेपर्ड्स’ असे नवे नाव घेतले आणि बिबट्याच्या ठिपक्यांची जर्सी काढली. अनेकांनी हसून घेतले. पण २०२३ मध्ये याच संघाने वेम्ब्ली मैदानावर चॅलेंज कप जिंकला, १९७१ नंतर पहिल्यांदा. नवी पाटी लावली ती बरोबर, पण पाटीच्या मागे माल होता म्हणून ती चालली.

भावाचाही धडा ब्रॅडफर्डमध्येच आहे. तिथला फुटबॉल क्लब, ब्रॅडफर्ड सिटी, २००७ मध्ये घसरून चौथ्या श्रेणीत गेला. अशा वेळी त्याने मोठ्यांचा पास १३८ पौंडांवर आणला. संघ खाली आणि प्रेक्षक तेरा हजारांच्या वर, असे चित्र दिसले. रिकाम्या खुर्चीला भाव नसतो. भरलेल्या खुर्चीतला माणूस चहा पितो, मुलाला टोपी घेतो आणि शेजारच्याला सोबत आणतो.

मात्र फुकट वाटू नये. फुकट मिळालेल्या तिकिटाची पाऊस आला की किंमत शून्य होते. थोडे का होईना, पैसे भरलेला माणूस छत्री घेऊन येतो.

टिकवायचा कसा?

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी असते. आमच्या धंद्यावरून आम्हाला चार गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट हिशेबाची. सुपर लीगच्या क्लबाला घरचे सामने साधारण तेरा मिळतात. समजा दारावरचे तिकीट २५ पौंड आहे आणि पास २३० पौंडांचा. तेरा सामन्यांचे ३२५ होतात, म्हणजे पासवाल्याचे ९५ वाचले. पण पाळीवर काम करणारा माणूस चार सामने चुकला, तर उरलेल्या नऊचे दारावर २२५ च झाले असते. पासवाला उलट पाच पौंडांनी बुडाला. म्हणून चुकलेल्या सामन्याचा पास भावाला, मित्राला, शेजाऱ्याला सहज देता आला पाहिजे. खुर्ची भरेल आणि पासवाल्याच्या मनात बुडाल्याची भावना राहणार नाही.

दुसरी गोष्ट भावाच्या ईमानदारीची. पास विकून झाल्यावर सीझनच्या मध्ये तेच सामने नव्या माणसाला स्वस्तात देऊ नयेत. एखादा सामना स्वस्त करायचाच असेल तर आधी पासवाल्याला काहीतरी द्यावे, निदान एक पाहुणा सोबत आणण्याची मुभा तरी. सर्वात आधी पैसे देणाऱ्याला सर्वात महाग पडले, ही बातमी गावात फार लवकर पसरते.

तिसरी गोष्ट हप्त्यांची. मजूर माणसाच्या हातात डिसेंबरमध्ये दोनशे पौंड एकदम नसतात. महिन्याला थोडे थोडे घेतले तर तोच माणूस आनंदाने देतो. हप्त्यावर जास्तीचा आकार मात्र लावू नये. गरीब गिऱ्हाइकाला महाग आणि श्रीमंताला स्वस्त, असा व्यवहार फार काळ टिकत नाही.

चौथी गोष्ट ओळखीची. वीस वर्षे एकाच खुर्चीवर बसणारा माणूस या वर्षी आला नाही, हे क्लबाच्या कचेरीत कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे. त्याला छापील पत्र नको, एक फोन हवा. आजारी आहे का, नोकरी गेली का, की आमचेच काही चुकले? आम्ही खतावणीत ज्याच्या नावापुढे सहा महिने नोंद नाही त्याच्याकडे माणूस पाठवतो. निम्मे तरी परत येतात.

हे सगळे आता अधिक निकडीचे झाले आहे. २०२४ पासून सुपर लीगचे सर्व सामने थेट प्रक्षेपणात घरी बसून पाहता येतात. आता मैदानाचा खरा स्पर्धक माणसाच्या घरातला सोफा आहे. दुसरीकडे कोणत्या क्लबाला वरच्या श्रेणीत जागा द्यायची, हे ठरवताना वीसपैकी गुण दिले जातात आणि त्यात प्रेक्षक व चाहते यांना पाच गुण आहेत. म्हणजे रिकामी खुर्ची दोन वेळा तोटा करते, एकदा गल्ल्यात आणि एकदा गुणपत्रिकेत.

अमानत मोडली की

ब्रॅडफर्ड बुल्सची गोष्ट आम्ही अर्धीच सांगितली. कौतुकाच्या वर्षांनंतर खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसला नाही. २०१२ मध्ये क्लबाने लोकांपुढे हात पसरला आणि लोकांनी, अगदी साध्या पासवाल्यांनीही, पैसे दिले. तरी त्याच वर्षी क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. जानेवारी २०१७ मध्ये जुनी कंपनी मोडीत निघाली. नवी कंपनी उभी राहिली ती उणे बारा गुणांनी. मग काही काळ घरचे मैदान सोडून ड्यूजबरीत खेळावे लागले. वरच्या श्रेणीत परत यायला २०२६ साल उजाडले. एवढ्या सगळ्यात जे पासवाले टिकून राहिले, त्यांचेच हे श्रेय आहे.

सॅलफर्डमध्ये २०२५ च्या सुरुवातीला पैशांची चणचण इतकी होती की लीगने खेळाडूंच्या पगारखर्चावर मर्यादा घातली. सेंट हेलेन्सविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात नवख्या पोरांचा संघ उतरला आणि ८२-० असा हरला. सॅलफर्डच्या ज्या माणसाने वर्षाचा पास आधीच घेतला होता त्याला काय वाटले असेल? हार कोणीही सोसतो. दाखवला एक माल आणि दिला दुसरा, हे कोणी सोसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की पासच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा आणि तो पासवाल्यांना वर्षातून एकदा दाखवावा. पुढच्या वर्षाचा पैसा मागच्या वर्षाच्या कर्जात घालणारा क्लब आणि नव्या बयाण्यातून जुनी उधारी फेडणारा दुकानदार, दोघांचा शेवट एकच असतो.

मैदानाशेजारचे घर

एक गोष्ट आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. बॅटलीच्या क्लबाने १८९७ मध्ये पहिलावहिला चॅलेंज कप जिंकला. त्याचे उताराचे मैदान ‘माउंट प्लेझंट’ ज्या वस्तीत आहे तिथे आज मोठ्या संख्येने मुस्लिम राहतात. भरूच-सुरतकडून लोक चिंधीच्या गिरण्यांत कामाला आले आणि तिथेच स्थिरावले. इकराम बट हे मुस्लिम खेळाडू १९९५ मध्ये इंग्लंडकडून रग्बी लीग खेळले. तरी मैदानात या समाजाचे चेहरे कमीच दिसतात.

याचे कारण खेळाची नावड नसावे. दारूच्या काउंटरपासून दूर अशी कुटुंबाची जागा, हलाल खाणे, नमाजपुरता एक कोपरा, आणि रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो त्या वर्षांत इफ्तारची वेळ पाहून ठरवलेला सामना, एवढे केले तर शेजारचे घर पासवाले होऊ शकते. दूरच्या गिऱ्हाइकासाठी जाहिरात करायची आणि भिंतीपलीकडच्याला सलामही करायचा नाही, हा कुठला कारोबार?

शेवटी रॉकडेलची आठवण. १८९५ च्या त्या बंडखोर क्लबांत रॉकडेल हॉर्नेट्सही होता. याच गावात १८४४ मध्ये विणकर आणि इतर कारागिरांनी सहकारी दुकान काढले होते. जो जितका माल घेईल त्या प्रमाणात त्याला नफ्यातला वाटा मिळे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी विणकरांनी वापरलेली ही युक्ती आहे. दहा वर्षे पास घेणाऱ्याला आणि काल आलेल्याला क्लबांनी एकाच तागडीत तोलू नये. जुन्याचा वाटा मोठा असला पाहिजे.

सवलतीने माणूस आत येतो आणि शब्द पाळला तर आत राहतो. हे रग्बीच्या क्लबाला लागू आहे आणि आमच्या-तुमच्या दुकानालाही. आपल्या वहीत आधी रक्कम भरलेली जी नावे आहेत, ती आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी एकदा काढून पाहावीत. त्यांना दिलेला शब्द पाळायचा राहिला असेल तर उद्याची बोहनी तिथूनच करावी.