औषधांची बाजारपेठ आणि किमतींची मर्यादा

१९९१ मध्ये आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारल्यानंतर बहुतेक वस्तूंच्या किमती ठरवण्याचे काम बाजारपेठेवर सोपवण्यात आले. दूरसंचार, विमानवाहतूक यांसारख्या क्षेत्रांत स्पर्धा वाढली आणि तिचा लाभ सर्वसामान्य ग्राहकाला मिळाला. अत्यावश्यक औषधांच्या किमतींवर मात्र जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली आजही नियंत्रण आहे. मुक्त अर्थव्यवस्थेत असे नियंत्रण असावे का, असा प्रश्न औषध उद्योगाकडून वारंवार उपस्थित केला जातो.

त्याचे उत्तर औषधांच्या व्यवहाराच्या स्वरूपातच आहे. औषधाची निवड डॉक्टर करतो, किंमत रुग्ण मोजतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्ण चार दुकाने फिरून भाव करू शकत नाही. त्यामुळे अनेक उत्पादक असूनही किंमत उतरेलच, याची शाश्वती नसते.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवण्यात येणाऱ्या स्टेंटचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९ हजार ६०० रुपये, तर साध्या धातूच्या स्टेंटची ७ हजार २६० रुपये निश्चित केली. त्यापूर्वी औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजार रुपयांच्या घरात होती. उत्पादकापासून रुग्णालयापर्यंतच्या साखळीतील नफ्याचा मोठा बोजा रुग्णावर पडत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींनाही मर्यादा घालण्यात आली. त्यासाठी औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ मधील परिच्छेद १९ चा आधार घेण्यात आला. लोकहितासाठी असाधारण परिस्थितीत हस्तक्षेप करण्याचा अधिकार हा परिच्छेद देतो.

तथापि, नियंत्रणालाही दुसरी बाजू आहे. स्टेंटच्या निर्णयानंतर काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली अद्ययावत उत्पादने भारतीय बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली होती. कच्च्या मालाचा खर्च वाढला आणि किंमत गोठलेलीच राहिली, तर उत्पादक ते औषध बनवणेच थांबवतो. मग स्वस्त औषध कागदावर राहते, दुकानात मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने याच परिच्छेद १९ खाली ८ औषधांच्या ११ प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. दम्यावरील साल्ब्युटामॉल आणि क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन यांचा त्यात समावेश होता. ज्या तरतुदीने किमती उतरवल्या, तिनेच त्या वाढवल्या. उद्देश दोन्ही वेळा एकच होता, रुग्णाला औषध मिळावे.

म्हणूनच बाजारपेठ की नियंत्रण, असा हा वाद नाही. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे तेथे स्पर्धा पुरेशी ठरते. ते नाही तेथे मर्यादा अपरिहार्य होते, मात्र तिचा वेळोवेळी फेरविचार व्हायला हवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांबाबत उत्पादकाच्या किमतीला हात न लावता विक्री साखळीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. उत्पादनाची प्रेरणा कायम ठेवून रुग्णाचा भार हलका करणारा हा मार्ग अनुसूचीबाहेरील इतर महागड्या औषधांनाही लागू करण्याचा विचार व्हायला हवा.