आईला दोष नको, लस हवी

बाळ जन्मतः बहिरे निघाले, डोळ्यांत मोतीबिंदू दिसला किंवा हृदयात दोष आढळला की घरातले पहिले बोट आईकडे वळते. ‘ग्रहण पाळले नाही’, ‘मागच्या जन्मीचे पाप’. आम्ही परिचारिकांनी हे वर्षानुवर्षे ऐकले आहे. अशा काही बाळांच्या व्यंगामागे असतो रुबेलाचा विषाणू. जन्मजात मोतीबिंदू आणि गरोदरपणातील रुबेला यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखवून दिला. तरी आपण अजून ग्रहणातच अडकलो आहोत.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. लागण झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बारीक ताप येतो, कानामागे व मानेवर गाठी येतात, चेहऱ्यापासून अंगभर पुरळ उतरते. तीनेक दिवसांत ते मावळते. मोठ्या बायकांचे सांधे दुखतात. क्वचित मेंदूला सूज येते. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. पण आजार खोकल्या-शिंकेतून पसरतच असतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळात व्यंग येऊ शकते. हा धोका ९० टक्क्यांपर्यंत असतो. लागण झाल्यावर गर्भाला वाचवणारे औषध नाही.

‘मुलग्यांना ही लस कशाला?’ असे पालक विचारतात. ब्रिटनने १९७० पासून फक्त मुलींना लस दिली. मुलांमधून विषाणू फिरत राहिला आणि गरोदर बायकांना लागण होतच राहिली. शेवटी १९८८ पासून सगळ्याच बाळांना लस सुरू झाली. म्हणून मुलगा असो की मुलगी, गोवर-रुबेला लसीचे दोन्ही डोस, नवव्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास, चुकवू नका.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलामुलींसाठी मोहीम झाली. तेव्हा ज्या मुली पंधराच्या पुढे होत्या, त्या बाहेर राहिल्या. आज त्याच आई होत आहेत. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात ही लस मोफत मिळाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

तोवर लग्न ठरलेल्या मुलींनी आणि बाळाचा विचार करणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांना या लसीबद्दल विचारावे. गरोदरपणात ही लस घेत नाहीत. घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी. लग्नाच्या यादीत दागिने-कपडे असतात, त्यात ही एक सुईही लिहा.