तात्यापाऱ्यातला ऱ

माझ्या आत्याकडे एक कॉम्प्युटर आहे. 2016 साली घेतलेला, इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि कीबोर्डवर तिनं स्वतः चिकटवलेली देवनागरी अक्षरं. मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे धडधाकट मशीन बाद. निदान रॅम तरी वाढवू म्हणून या आठवड्यात रवि भवनातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गेलो आणि भाव ऐकून रिकाम्या हातानं परतलो. मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या सर्व्हरकडे वळले आहेत. मायक्रॉननं तर घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा धंदाच बंद करत असल्याचं डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. आपल्या नवा रायपूरमध्येही मे 2025 मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. माझ्यासारख्या कॉम्प्युटरच्या पेशातल्या माणसाला त्याचा आनंदच आहे. पण म्हणून आत्याचं चालतं मशीन भंगारात जावं, हे मला पटत नाही. शनिवारी तिच्याकडे जाऊन त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट बसवलं.

कॉम्प्युटर सुरू झाल्यावर आत्या खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, आता यूट्यूब लागतं का ते बघेल. तिनं कोरं पान उघडलं, इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड निवडला आणि सावकाश एक शब्द टाइप केला: तात्यापाऱ्यात. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, “आला रे बरोबर. आता बाकीचं दाखव.”

तिची ही परीक्षा मला फार मोलाची वाटली. आपलं रायपूर पाऱ्यांचं गाव. पारा म्हणजे वस्ती. तात्यापारा, बुढापारा ही नावं हिंदीत लिहिताना काहीच अडत नाही. पण मराठी माणूस तिथं राहतो, तिथून येतो, तिथं जातो. नावाला विभक्ती लागली की तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यातून असं होतं आणि पापणीसारखा तो अर्धा र लागतोच. आपल्या पत्त्यातच तो बसलेला आहे.

आत्याचा फोन रायपुरातच घेतलेला, दुकानदारानं हिंदी कीबोर्ड लावून दिलेला. त्यावर र, हलंत आणि य दाबलं की रफार होतो. मग निमंत्रण जातं ‘तात्यापार्यात या’ असं. घरच्या लग्नात तर तिनं ‘आचाऱ्यांचे पाच हजार द्यायचे राहिलेत’ असा निरोप पाठवला, तो ‘आचार्यांचे’ होऊन पोचला. भाच्यानं विचारलं, “कुठले आचार्य, आत्या?” स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे पैसे दोन दिवस अडकले. आत्याला ते फार लागलं. “मी शुद्ध लिहिते रे, फोन बिघडवतो,” असं ती मला दोनदा म्हणाली.

खरं तर सोय कधीचीच आहे. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतंत्र जागा आहे. ती दिली दक्षिणेकडच्या भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून, आणि त्याचंच अर्धं रूप म्हणजे आपला पापणीचा र. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ, की झालं ‘ऱ्य’.

पण हाच र आणखी एका रीतीनं लिहिता येतो: साधा र, हलंत आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. गणपतीच्या वर्गणीच्या यादीत नावं शोधण्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, त्यात गोऱ्हे आडनावाची अर्धीच घरं सापडत. उरलेल्यांनी वर्गणी दिलीच नाही, असं यादी म्हणे. दोघातिघांना उगाच फोन गेले. दोन्ही रूपं एकच मानायची, एवढ्या दोन ओळी टाकल्या आणि सगळी घरं सापडली. चूक माझ्या कोडची होती, आणि बोल मात्र वर्गणी भरलेल्या माणसांना लागला.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. तो मान घरातल्या फोनपर्यंत पोचवणं आपल्याच हातात आहे. रविवारी आत्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवला, पाच मिनिटं लागली. तुमच्याही घरात आई, आत्या, आजोबा हिंदी कीबोर्डवर मराठी लिहीत असतील. त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा, त्यात ऱ कुठे आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवा, आणि पहिला शब्द त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आपल्या पाऱ्याचाच घ्या.