जागा रिकामी आहे, हे कळणार कोणाला?

दुकानात माणूस हवा असला की आपल्या पेठेतला मालक काय करतो? शेजारच्या दुकानदाराच्या कानावर घालतो, नाहीतर जुन्या कारागिराला म्हणतो, "तुमच्यापैकी कोणी असेल तर घेऊन या." दोन दिवसांत कोणाचा भाचा, कोणाचा मेहुणा गल्ल्याशेजारी उभा राहतो. जागा भरली. ती रिकामी होती हे पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बेकार तरुणाला कळलेच नाही. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात कोणावर अन्याय होतो, असे मनातही येत नाही. होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात काम सुटलेल्या प्रत्येकाला भत्ता मिळत नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 साली आली खरी, पण ती ई.एस.आय.चा विमा असलेल्यांसाठी, आणि कारखाना बंद पडला किंवा कपात झाली अशा ठरावीक प्रसंगीच. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा 1977 चा कायदा मुख्यतः खेड्यांसाठी. मालेगाव-भिवंडीत चार-सहा मागांच्या शेडमध्ये माग चालवणारा किंवा कांड्या भरणारा माणूस यांपैकी कशातच सहसा बसत नाही. मंदी आली, माग थांबले की हप्त्याचा पगार बंद. पहिले दोन आठवडे किराणा उधारीवर येतो, पुढे उचल घेऊन भागवावे लागते. अशा माणसाला कामाची खबर वेळेवर मिळाली तर घर चालते. चार दिवस उशिरा मिळाली तर तिचा उपयोग नाही.

सरकारला हे पूर्वीच उमगले होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम मिळावे म्हणून 1945 साली सेवायोजन कार्यालये, म्हणजे लोकांच्या तोंडचे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, निघाली. रिकाम्या जागा कळवणे मालकांवर बंधनकारक करावे, अशी शिफारस शिवराव समितीने 1954 च्या अहवालात केली आणि 1959 साली तसा कायदा झाला. सरकारी कचेऱ्या आणि 25 किंवा अधिक माणसे असलेले खाजगी धंदे यांनी जागा भरण्याआधी ती कार्यालयाला कळवावी, असा नियम. पण कार्यालयाकडूनच माणूस घ्यावा, अशी सक्ती त्यात नव्हती. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 500 रुपये! शिवाय तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम, घरगुती नोकरी आणि कचेरीतले अकुशल काम यांना सूट. अकुशल म्हणजे कोण, तर शिपाई, दफ्तरी, फराश, पहारेकरी, झाडूवाला. ज्या जागांसाठी गरिबांची मुले धावतात, नेमक्या त्याच जागा कळवण्याची गरज नव्हती.

तरीही या कायद्यावरून एक मोलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सरकारी खात्यांनी फक्त एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांतूनच माणसे घ्यावीत काय? 1987 साली न्यायालयाने ती पद्धत ग्राह्य धरली. मग ज्याचे नाव नोंदलेले नाही, किंवा नोंद असून ज्याला कॉल आला नाही, त्याने काय करायचे? 1996 साली आंध्र प्रदेशातील अबकारी खात्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की एक्स्चेंजकडून नावे मागवावीतच, पण वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी, कचेरीच्या फलकावर लावावी, रेडिओ-दूरदर्शनवरूनही सांगावे आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करावा. आम्हाला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. नाव यादीत असो वा नसो, जागेची बातमी सर्वांना मिळाली पाहिजे, हे त्यात मान्य झाले.

आता 1959 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. एक्स्चेंजऐवजी करिअर सेंटर असे नाव आले. जागा कळवायची, पण तिथूनच माणूस घ्यायची सक्ती नाही, हे तत्त्व तेच राहिले. चार माणसांच्या दुकानाला कायद्याचा धाक पूर्वीही नव्हता.

म्हणूनच हा प्रश्न आपल्या पेढीवर येतो. मोठ्या कचेऱ्यांतल्या जागा आतल्या आत भरतात, आपल्या शिकलेल्या मुलांना पत्ताही लागत नाही, ही तक्रार आपण वर्षानुवर्षे करतो, आणि ती खरी आहे. पण ज्याचा मामा बाजारात नाही, ज्याचे वडील वारले आहेत, जो कालच बाहेरगावाहून आला आहे, तो आपल्या दुकानाबद्दल हीच तक्रार करील. घरबसल्या शिलाई करणाऱ्या बायकांचे तर विचारूच नका. मध्यस्थ सांगेल तेवढेच त्यांना कळते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपने फारसा फरक पडलेला नाही, कारण ग्रुपातही ओळखीचेच लोक.

व्यापारी म्हणतील, गल्ला सांभाळायचा, सोन्याचे काम द्यायचे, तिथे अनोळखी माणसाचा भरवसा कसा धरायचा? रास्त आहे. चौकशी करा, जामीन मागा, आठ दिवस काम पाहा. निवडीचा हक्क मालकाचाच आहे. आमचे म्हणणे एवढेच की विचारायला येण्याची संधी सर्वांना असावी. गर्दी होईल ही भीती असेल तर भेटण्याची एकच वेळ ठेवावी.

प्रत्येक बाजारपेठेच्या व्यापारी संघटनेने भर चौकात, सर्व जातिधर्मांचे लोक जातात-येतात अशा ठिकाणी, एक फळा लावावा. काम कोणते, पगार किती, वेळ काय, कोणाला केव्हा भेटायचे, एवढे त्यावर लिहावे आणि निदान चार दिवस ठेवावे. पगाराचा आकडा लिहायला पुष्कळजण कचरतील, पण तो लिहिलाच पाहिजे. नाव नोंदवण्याच्या नावाखाली कोणी बेकाराकडून पैसे घेत असेल तर त्याला फळ्याजवळ उभे करू नये. आणि जागा भरली की त्याच दिवशी पुसावी, नाहीतर लोकांना फुकटचे हेलपाटे पडतात.