‘स्पार्टन’ निसटला तेव्हा

कल्पना चावलावर शाळेत भाषण केलं नाही, असं तुमच्यापैकी कोणी आहे का? मी सातवीत केलं होतं. जन्म करनाल, शिक्षण चंदिगड, मग नासा, मग कोलंबिया आणि शेवटी हात जोडून श्रद्धांजली. पाठांतर चोख होतं. पण त्या भाषणात एक गोष्ट नव्हती आणि ती मला परवा अचानक उपयोगी पडली.

झालं असं, की इंदूरला राहणारी माझी आठवीतली भाची विज्ञान प्रदर्शनात मॉडेल घेऊन गेली होती. टाकी भरली की बझर वाजणार, असं साधंसं मॉडेल. ऐन परीक्षकांसमोर तो वाजलाच नाही. घरी येऊन तिनं जाहीर केलं, ‘‘मला सायन्स घ्यायचंच नाही.’’ ताईचा फोन आला, ‘‘तू सांग काहीतरी, तुझं ऐकते ती.’’

मी तिला कल्पनाचीच गोष्ट सांगितली, पण भाषणातली नाही.

करनाल छोटं शहर, पण तिथे फ्लाइंग क्लब होता. आकाशात पुष्पक विमान दिसलं, की कल्पना आणि तिचा भाऊ सायकलवरून वर बघत राहायचे, हे चाललंय तरी कुठे! पुढे चंदिगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजात तिनं एरोनॉटिकल शाखा मागितली, तेव्हा ‘दुसरी शाखा घे’ म्हणणारे भेटलेच. ती बधली नाही. १९८२ मध्ये पदवी घेतली, मग अमेरिका गाठली आणि १९८८ मध्ये पीएचडी. त्यानंतर नासाच्या एम्स केंद्रात, विमानाभोवती हवा कशी वाहते याचं संगणकावरचं गणित. अंतराळवीर म्हणून निवड झाली ती डिसेंबर १९९४ मध्ये. इथपर्यंत भाचीला सगळं ठाऊक होतं. ‘‘हे पुस्तकात आहे गं मावशी.’’

मग मी १९९७ वर आले.

१९ नोव्हेंबरला कोलंबिया उडालं. यानाचा रोबोटिक हात चालवायचं काम कल्पनाकडे होतं. दोन दिवसांनी तिनं त्या हातानं ‘स्पार्टन’ हा उपग्रह बाहेर सोडला. वजन सुमारे १,३६० किलो, काम सूर्याचा अभ्यास. सुटल्यावर त्यानं स्वतःभोवती छोटीशी गिरकी घ्यायची, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं. त्यानं गिरकी घेतलीच नाही. तिनं त्याला परत पकडायचा प्रयत्न केला, पकड बसली नाही, उलट हाताचा धक्का लागून तो हळूहळू फिरायला लागला. शेवटी आणखी तीन दिवसांनी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई हे दोघं सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी तो चक्क हातांनी धरून आणला. सूर्याचा अभ्यास मात्र राहूनच गेला.

‘‘सगळ्या जगासमोर?’’ भाचीनं विचारलं.

हो, सगळ्या जगासमोर. पहिलाच प्रवास, भारतात जन्मलेली पहिली महिला अंतराळवीर आणि चूक तिचीच, अशा बातम्या झाल्या. काही महिने चौकशी चालली. सॉफ्टवेअरची मांडणी, अंतराळवीर आणि जमिनीवरचं पथक यांच्या कामाच्या ठरलेल्या पद्धती, अशा बऱ्याच ठिकाणी दोष सापडले. सगळं एकट्या कल्पनावर ढकलता येण्यासारखं नव्हतंच. मला मात्र ते मधले महिने महत्त्वाचे वाटतात. निकाल यायचा होता आणि ती रोज कामावर जात होती.

१९९८ पासून दरवर्षी तिच्या करनालच्या शाळेतल्या दोघा विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात ह्यूस्टनला विज्ञान शिबिरासाठी येता यावं, अशी व्यवस्था तिच्या पुढाकारानं झाली. टीकेची ती धूळ पुरती बसलीही नसेल तेव्हा!

‘‘मग तिला परत तो हात चालवायला दिला?’’

नाही. दुसऱ्या मोहिमेच्या वेळी कोलंबियावर तो हात बसवलेलाच नव्हता. तिला मिळाली फ्लाइट इंजिनीअरची जागा, कमांडर आणि पायलटच्या अगदी मागची. गंमत म्हणजे, शाळेत असताना ती ‘मला फ्लाइट इंजिनीअर व्हायचंय’ असंच म्हणायची. तो माणूस विमानं डिझाइन करतो, असा तिचा गैरसमज होता. डिझाइनकडे वळलेली मुलगी शेवटी खरोखरच त्या खुर्चीत बसली. त्या मोहिमेत सहा देशांतल्या शाळकरी मुलांचे प्रयोगही होते. कोणी मुंग्या पाठवल्या होत्या, कोणी कोळी, कोणी रेशीमकिडे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १ फेब्रुवारी २००३, उतरायला जेमतेम १६ मिनिटं होती. सातही जण गेले. भाचीपासून तेही लपवलं नाही. ती बराच वेळ गप्प होती, मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, ‘‘मावशी, बझर चांगला होता गं. बहुतेक वायरच ढिली होती.’’