बारी नव्हे, डीजे बंद करा

जामखेडचं नाव काढलं की आपल्याकडे लोक गालात हसतात. "कलाकेंद्रावर का?" असं विचारतात. हसून झालं असेल तर आपण तिथं काय घालवून बसतोय, तेही एकदा बघू या.

कलाकेंद्र हे संगीत बारीचं, म्हणजे लावणीच्या पार्टीचं, घर. छोटी खोली, गाद्या-लोड, कोपऱ्यात पेटी, तबला, ढोलकी. बैठकीच्या लावणीत बाई बसूनच गाते. एकच ओळ पाच-सात वेळा घेते. कधी रुसून, कधी लाडात, कधी नुसती भुवई उचलून. समोर दहा-पंधरा माणसं. माईकची गरजच नाही. अशा लावणीसाठी वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या तमाशातल्या पवळाबाई तर आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या. म्हणजे हे आपल्या घरचं आहे.

आज ही बैठक परवान्यात अडकलीय.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आणि त्याखालचे १९६० चे नियम यांच्या आधारे कलाकेंद्रांना परवाने दिले जातात. परवाना लोककलेचा, पण काही ठिकाणी आत दणदणतो डीजे. मग भांडणं, तक्रारी, मोर्चा. आणि मागणी एकच, सगळीच केंद्रं बंद करा! बंदी आली की डीजे टेम्पोत घालून दुसरीकडे नेता येतो. पेटीवाल्यानं कुठं जायचं?

आवाजाचा नियमही असाच सरसकट. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकच काय, वाद्यही वाजवायचं नाही. बंदिस्त सभागृहाला सूट आहे. पण पत्र्याच्या शेडला सभागृह म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. झोपमोड कुणालाच नको, नियम हवाच. पण भिंती हादरवणारा स्पीकर आणि बिनमाईकची ढोलकी एकाच मापानं कशी मोजायची?

कलाकेंद्रांत सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचलेल्या माणसाला बायांच्या वाट्याचं शोषण वेगळं सांगायला नको. त्याला लगाम घालायलाच हवा. पण खोलीला कुलूप लावून ते थांबत नाही, आणखी आडबाजूला जातं.

मग आपण काय करायचं? आधी घरच्यांना घेऊन एकदा बैठक ऐकू या. जाण्यापूर्वी फोन करून सांगायचं, डीजे नको, पेटी-ढोलकीवर गा. मागणी असली की मालकही ऐकतो. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, यात्रेत, संध्याकाळच्या वेळी एखादी पार्टी बोलवू या आणि ठरलेली बिदागी वेळेवर देऊ या. वकील मंडळींनी अर्ज लिहून द्यावा: माईकशिवायच्या बैठकीला सोपा, वेगळा परवाना, डीजे लावणाऱ्यावर थेट कारवाई. सह्या आपण गोळा करू. जिल्हाधिकारी कार्यालय अहिल्यानगरातच आहे, चंद्रावर नाही.

आणि गावात कलाकेंद्र बंद करायचा ठराव आला, तर ग्रामसभेला घरी बसू नका. ठराव मोठ्यानं वाचायला लावा. 'कलाकेंद्र' खोडून तिथं 'डीजे' लिहायला सांगा, आणि मगच हात वर करा.